शॉकअपमधल्या रबराच्या चकत्या

मुरबाडच्या नाक्यावर चहा घेत उभा होतो तेव्हा माळशेजकडे निघालेली चार-पाच मोटरसायकलवाली मंडळी तिथे थांबली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंगात जाड जाकिटं, गुडघ्यांना कवचं. त्यातला एक जण साइड स्टँडखालची रुंद पट्टी मित्रांना कौतुकाने दाखवत होता. चिखलात स्टँड रुतू नये म्हणून ती बाहेरच्या देशातून मागवली होती म्हणे. तसली पट्टी मी माझ्या गाडीला पंचाण्णवच्या सुमारास लावली होती, घरातल्या जुन्या तव्यातून कापून. तवा जुना होता हे बायकोने आजवर मान्य केलेलं नाही.

मी शहापूरला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. पदाचं नाव लांबलचक होतं. लोक डॉक्टर म्हणायचे, मी डॉक्टर नव्हतो. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावातली मेलेली ढोरं ओढणं आलं होतं. मी जिवंत गुरांवर पगार घेत होतो आणि त्याचा मला अभिमान होता. तो अजूनही आहे.

काम मुख्यतः एकच. चांगल्या जातीच्या वळूचं गोठवलेलं बीज घेऊन गावोगाव जायचं आणि माजावर आलेल्या गायीला द्यायचं. हे बीज बारीक नळ्यांत भरलेलं असतं. नळ्या एका कॅनमध्ये, आणि कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन, बर्फापेक्षा कितीतरी थंड. नळ्या त्यात बुडालेल्या असतील तोवर बीज जिवंत. नायट्रोजन उडून गेला की मेलं. मेलेली नळी आणि जिवंत नळी दिसायला अगदी सारखी. गायीचा माज जेमतेम एक दिवस टिकतो, त्यामुळे निरोप आला की निघावंच लागे. निरोप बहुधा एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा.

रस्ते म्हणाल तर किन्हवलीपर्यंत डांबर, पुढे देवाच्या भरवशावर. गाडी माझी स्वतःची, शंभर सीसीची, शहरातल्या बाबूने ऑफिसला न्यावी अशी. तिला रानात चालवायचं तर तिच्यात बदल करणं भाग होतं, आणि गॅरेजवाल्याला हात लावू देणं माझ्या स्वभावात नव्हतं. भातखाचरातला चिखल पुढच्या मडगार्डमध्ये भरून चाक अडायचं, म्हणून लोखंडी पट्ट्या लावून मडगार्ड वीतभर वर उचललं. ओढ्यात पाणी शिरून गाडी बंद पडे. प्लगच्या टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, सायलेन्सरच्या तोंडाला रबरी पाइप जोडून वर वळवला. पाइप आटगावच्या फाटकापर्यंत टिकला. तिथे तो वितळून असा वास सुटला की फाटकात उभी असलेली माणसं माझ्यापासून लांब सरकली. मग पाण्याच्या मोटारीचं लोखंडी कोपर बसवलं, ते मात्र गाडी विकेपर्यंत राहिलं. तपासणीसाठी आम्हाला खांद्यापर्यंत येणारे प्लॅस्टिकचे हातमोजे मिळायचे. पावसाळ्यात त्यातला एक मी स्पीडोमीटरवर चढवायचो. पाच बोटं वाऱ्यावर फडफडत असलेली ती गाडी पाहून पोरं रस्त्याच्या कडेला पळायची.

कॅन ठेवायची सोय हे माझं सगळ्यांत आवडतं काम. कॅरिअरच्या बाजूला लोखंडी कडं वेल्ड करून घेतलं आणि त्याच्या आत जुना टायर कापून बसवला. कॅन त्यात पाचर ठोकल्यासारखा घट्ट. झाकण उडू नये म्हणून वाफ जायला फट ठेवून ट्यूबच्या पट्टीचे तीन वेढे आणि गाठ.

नियम असा होता की रोज सकाळी कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवायची. बाहेर काढून हवेत हलवली की जिथपर्यंत ती नायट्रोजनमध्ये गेली असेल तिथपर्यंत पांढरं दव धरतं, आणि किती उरलाय ते कळतं. पण गाठ सोडा, वेढे काढा, पुन्हा बांधा. शिवाय झाकण उघडलं की थोडा नायट्रोजन उडतोच. तेव्हा न उघडणं म्हणजे बचत, असा हिशेब मी मांडला. गायीला बीज देताना झाकण उघडायचो तेव्हा धुरासारखी वाफ बाहेर यायची. वाफ आहे म्हणजे माल आहे. पट्टी दप्तरात पडून राहिली. पंधरा दिवस झाले की कॅन भरायचा, तेवढा तो पुरतो हे मला ठाऊक होतं.

आणखी एक खोड राहिली होती. ओढ्यातल्या दगडांवर गाडीचं पोट घासायचं. मी ट्रकच्या टायरच्या जाड चकत्या कापल्या आणि मागच्या दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत ठोकून बसवल्या. गाडी मागून चार बोटं उंच झाली. घासणं थांबलं. शॉकअप मात्र दगड झाले, प्रत्येक खड्डा थेट कमरेत. कंबर माझी होती, ती मी सोसली. तोच दणका कॅनलाही बसतोय, आत नायट्रोजन घुसळला जातोय आणि घुसळलेला नायट्रोजन लवकर उडतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे रिकाम्या राहिल्या त्या दुसऱ्यांच्या गायी.

चकत्या बसवल्या त्या पौषातच मला किन्हवलीपुढच्या एका वाडीतून पहिला निरोप आला. वाडी गावापासून लांब, जमीन कुणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की बहुतेक घरं वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. एका घरातली बाई मात्र त्या वर्षी मागे राहिली होती. नवरा एकटाच भट्टीवर गेलेला. तिला माहेरहून एक संकरित कालवड मिळाली होती, ती नुकतीच माजावर येऊ लागली होती.

"ही गाभण राह्यली तं दिवाळीला येईल," ती मला म्हणाली. "मंग दूध घालू किन्हवलीला. पुढल्या साली भट्टीला नाय जायचं कुनीच. पोरीची शाला पन नाय सुटायची."

पोरगी चौथीत होती. दाराशी बसून ती माझ्या गाडीवरचा हातमोजा निरखत होती.

मी पोचेपर्यंत तो माज उतरला होता. पुढच्या माजाला, माघात, मी कालवडीला बीज दिलं. एकवीस दिवसांनी पुन्हा निरोप, गाय उलटली. म्हणजे गाभण राहिली नाही, परत माजावर आली. असं होतं, एका वेळेत सगळ्याच राहत नाहीत. फाल्गुनात पुन्हा दिलं, पुन्हा उलटली. तेव्हा तिने विचारलं, "डॉक्टर, गावातला वळू लावू का आता?"

"नको," मी म्हणालो. "गावठी वासरू होईल. मोठं होऊन ते तांब्याभर दूध नाही द्यायचं."

चैत्रात तिसऱ्यांदा दिलं. तीन आठवड्यांनी निरोप आला तेव्हा ओढा ओलांडून गेलो, हात घालून तपासलं. गर्भाशय हाताला चांगलं लागत होतं. कुठे सूज नाही, घाण नाही. मला काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली. मी हात धुतले आणि म्हणालो, "वयनी, ही वांझ निघाली. चारा कशाला घालवता. पावसाच्या आत काढून टाका." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

ती चुलीकडे वळली. मला चहा दिला, कोरा. दूध नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात सापगावच्या एका गोठ्यात कॅनचं झाकण उघडलं आणि वाफ आली नाही. कॅन हलवून पाहिला. आतून नळ्यांचा कोरडा खुळखुळाट आला. भरून जेमतेम अकरा दिवस झाले होते. दवाखान्यात परतलो आणि रजिस्टर काढून बसलो. पौषाच्या शेवटापासून दिलेल्या बीजांपैकी गाभण म्हणून लागलेल्या गायी तीन. तिन्ही, कॅन भरताना मिळालेल्या थोड्या नव्या नळ्यांतल्या, पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलेल्या. बाकी सगळीकडे माझ्याच अक्षरात 'उलटली'. मग उलगडा झाला. तळाला ओंजळभर नायट्रोजन उरला तरी वाफ निघते, नळ्या मात्र वर उघड्या पडलेल्या असतात. आठवडाभरातच बीज मरत होतं, आणि पंधराव्या दिवशी मी वरून नवा नायट्रोजन ओतून ते मेलेलं बीज पुन्हा नीट गार करून ठेवत होतो.

त्याच दुपारी अंगणात गाडी उभी करून स्क्रू-ड्रायव्हरने चकत्या उपटून काढल्या. हाताला लागलं. नळ्या सगळ्या फेकल्या. वरिष्ठांना सांगितलं की कॅनमध्ये बिघाड आहे. बिघाड कॅनमध्ये नव्हता, पण मी घाबरलो होतो. नोकरी जाईल असं वाटलं. हे आज लिहितो आहे कारण आता जायला नोकरी नाही.

वाडीवर मात्र गेलो. दगडावर गाडीचं पोट खरवडलं, तसंच जाऊ दिलं. नवरा भट्टीवरून परतला होता, घरावर पेंढा चढवत होता. बाई खालून पेंढ्या देत होती. गाय दिसली नाही.

"इकली," ती म्हणाली. "मुरबाडच्या बाजारात. तुमीच बोललाव ना."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बीज मेलेलं होतं, तीनही वेळा. दोष गायीचा नव्हता, माझा होता.

नवरा छपरावरच थांबला. बाईच्या हातात पेंढी तशीच होती.

"म्हंजे ती वांझ नव्हती?"

"नाही."

"तवा तुमाला कलत नव्हतं?"

"कळलं असतं," मी म्हणालो. "रोज बघायला हवं होतं. बघितलं नाही."

तिने पेंढी वर दिली. नवऱ्याने ती घेतली आणि बांधायला लागला. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी त्या खायला तयार होऊन गेलो होतो.

पुढच्या बाजाराला मी मुरबाडला जाऊन त्या दलालाला गाठलं. वांझ म्हणून घेतलेली गाय कुठे जाते ते गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाने विचारावं याचं त्याला हसू आलं. टेंपो कल्याणच्या दिशेला गेला एवढं त्याने सांगितलं. भरपाई द्यावी असं मनात आलं होतं. दिली नाही. दिली असती तर का दिली हे चार लोकांनी विचारलं असतं.

दिवाळीनंतर आठवडाभरात किन्हवलीच्या नाक्यावर भट्टीचा ट्रक उभा होता. वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली, आणि माणसं. ती बाई बोचक्यांवर बसली होती, शेजारी पोरगी. मी ओळख न दाखवता निघून गेलो असतो, पण तिने हाक मारली.

"डॉक्टर, तुमी ह्या वाटंनं येताव-जाताव ना? घराकडं बघा जरा जाता-येता. मागं कुनीच नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी बघतो म्हणालो. पोरगी दुसरीकडे पाहत होती. तिच्या मांडीवर दप्तर होतं, ते घेऊन ती भट्टीवर काय करणार होती कोण जाणे.

त्या मोसमात त्या बाजूला गेलो की मी वाडीत शिरायचो, गाडी उभी करायचो आणि काथ्याने बांधलेलं ते दार पाहून परत फिरायचो. आजूबाजूची घरंही बंदच असायची, दरवर्षीसारखी. हे एक मी बंद केलं होतं.