बाबांच्या नावावर घेतलेली एटीव्ही

आमच्या नात्यात कुठेही हळद असली, की पंगतीत कुणीतरी मावशी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला ऐकवते, "बघ, बापासाठी चार चाकांची बाईक घेतली त्यानं. तू काय केलंस?" मुलगा माझ्याकडे रागाने बघतो. मी ताटातल्या वड्याकडे बघतो. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे लोकांना तो माझा नम्रपणा वाटतो. तो नम्रपणा नव्हे. ती गाडी मी बाबांसाठी घेतलीच नव्हती. आजवर हे घराबाहेर कुठे बोललो नाही. आता लिहून टाकतो.

बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला आमचं गाव. गावामागे टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर वाघोबा, म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गाव वर जातं. पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराण्याचा, आणि तो घरातल्या सगळ्यांत वडील माणसाने स्वतः वर येऊन फोडायचा. बाबांचे गुडघे गेले, ते आमच्याकडे अंबरनाथ पूर्वेला फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हापासून हा नारळ माझा चुलतभाऊ फोडत होता. तो फोडायचाही झकास, एका फटक्यात. पण गेल्या गणपतीनंतर त्याचा फोन आला.

"दादूस, राग नको मानू. काका काय आता वर येत नाय. गाव बोलतंय, मान आमच्याकडंच ठेवा कायमचा. या वाघबारशीला काका आलं तर त्यांचा. नाय तर मंग आमचा."

फोन स्पीकरवर होता. बाबा खिडकीशी चहा पीत बसले होते. ते अर्धा चहा तसाच ठेवून आत गेले. आयुष्यात त्यांनी चहा अर्धा ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी पूर्ण प्यायला होता.

बायकोने मिनिटभरात प्रश्न सोडवला. "अहो, त्यात काय एवढं? डोली करा. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधा, गावातली चार पोरं घ्या. तासाभरात बाबा वर."

इथेच सगळं संपलं असतं. चुकलं ते एवढंच, की त्या दिवसांत मी मोबाइलवर एटीव्हीचे व्हिडिओ बघत होतो. मोठाल्या जाड टायरांची, हँडल असलेली चार चाकांची बाईक. कुठलातरी दाढीवाला माणूस ती चिखलातून, ओढ्यातून, दगडांवरून उडवतो आणि खदखदून हसतो. मी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बॉयलरजवळ उभं राहून मी तो माणूस बघायचो. घरी आल्यावर सोफ्यावर आवाज बंद करून बघायचो. आमच्या घरात मजा हा शब्द शाळेच्या सहलीनंतर कुणी वापरलेला नाही. त्यामुळे मला ती गाडी हवी आहे असं मी म्हणणं म्हणजे मला शेपूट फुटलं आहे असं म्हणण्यासारखं होतं.

तर मी बायकोला म्हणालो, "बाबा डोलीत बसणार नाहीत. मला म्हणाले, चार माणसांच्या खांद्यांवर मी एकदाच चढणार, आणि तेव्हा कुणी उचललंय ते मला कळणारही नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. वाक्य खरंच चांगलं जमलं होतं. बाबा तसलं काही म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य बायकोने माझ्या बहिणीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत चुलतभावाने ते बाबांच्या फेट्यातल्या फोटोखाली छापून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, वर उगवता सूर्य. शंभर लोकांनी हात जोडले. बायकोने कौतुकाने ते बाबांना वाचून दाखवलं. मी समोर बसून पापड मोडत होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फॅनकडे पाहिलं. मग म्हणाले, "हं."

त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा महिना गेला.

"मग वर नेणार कसे त्यांना?" बायकोने विचारलं. मी आधी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि मग मोबाइल पुढे धरला.

बायकोची एकच अट होती, स्वस्त पाहिजे. "घरात अजून गिझर नाही." चुलतभावाला सल्ला विचारला तर म्हणाला, "दादूस, भरवशाची घे. रानात बंद परली तर तुना नि काकाला उचलाला आठ माणसं लागतील." तिसरी अट माझी होती, ती मी कुणाला सांगितली नाही.

उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका गल्लीत अशा गाड्यांचं दुकान सापडलं. पुढे लहान मुलांच्या बॅटरीवरच्या जीप, मागे खऱ्या एटीव्ही. शेठ पांढऱ्या सफारीत, गल्ल्यावर पाय वर घेऊन बसलेले.

"आओ साईं. फार्महाउस है?"

"नाही, वाघोबा आहे," मी म्हणालो. मग सगळं समजावून सांगितलं. त्यांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

"एक बात पहले बोलता हूँ. इसका पासिंग नहीं होता. नंबर प्लेट नाही, रोडवर नाही. आपल्या जमिनीत चालवायची. रोड पे निकाली तो मैं तुमको पहचानता नहीं."

टेकडीची वाट आमच्याच वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनीतून जाते, त्यामुळे त्याची चिंता नव्हती. त्यांनी पहिली दाखवली ती सगळ्यांत स्वस्त. मी बसलो तर गुडघे कानांना लागले. बायको म्हणाली, "चालेल की." शेठ म्हणाले, "भाभी, ये बर्थडे का आइटम है."

दुसरी एका रिसॉर्टमधून आलेली जुनी, परदेशी, राक्षसासारखी. चारही चाकांना ताकद. मी नुसता हात ठेवला तर अंगावर काटा आला. "सामान मिलेगा?" मी विचारलं. शेठ छताकडे बघून म्हणाले, "मिलेगा ना. थोडा टाइम लगेगा. समुंदर से आता है."

तिसरी मधली. जोडणी इथलीच, इंजिन साध्या मोटरसायकलच्या जातीचं, म्हणजे कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक उघडू शकेल असं. मागे जायचा गिअर, मागे सामानाची जाळी, चेन झाकलेली नाही पण जाड. किंमत एका बऱ्या म्हशीएवढी. गावाकडे आम्ही सगळं म्हशीत मोजतो.

"म्हैस दूध तरी देते," बायको म्हणाली.

दुकानामागे एक मोकळं मैदान होतं. शेठ म्हणाले, "चला के देखो. रेस अंगूठे से. मोड पे बॉडी अंदर झुकाने का, नहीं तो सीधा जाएगी."

मी अंगठा दाबला. गाडी उसळली. माझ्या तोंडातून, माझी परवानगी न घेता, "हुर्र्र हॅक!" असा आवाज निघाला. लहानपणी बैलगाडीच्या शर्यतीला बाबा काढायचे तसा. मी मैदानाला एक फेरी मारली. दुसरी मारली. खड्डा दिसला तर मुद्दाम त्यातून नेली. परत आलो तेव्हा शेठ माझ्याकडे हसून बघत होते.

"साईं, ये पापा के लिए है?"

"हो."

"अच्छा," शेठ म्हणाले, आणि बायकोसमोर आणखी काही बोलले नाहीत. माणूस जन्मभर लक्षात राहील.

वाघबारशीच्या सकाळी गाडी टेम्पोत चढवली. बायकोचं म्हणणं, देवाला दाखवल्याशिवाय गाडी गावात न्यायची नाही. म्हणून टेम्पो अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबवला. लिंबं टेम्पोच्या चाकांखाली ठेवायची की टेम्पोतल्या गाडीच्या, यावर बायको आणि टेम्पोवाल्याची चर्चा झाली. शेवटी दोन्हीकडे ठेवली. टेम्पोची पूजा फुकटात उरकली. मग बायकोने झेंडूचे हार बांधले. एक हँडलला, आणि एक एवढा मोठा की मागच्या जाळीवरून दोन्ही बाजूंना लोंबायला लागला.

"वर जाताना काढू," मी म्हणालो.

"नव्या गाडीचा हार काढत नाहीत. सुकून आपोआप पडला पाहिजे."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. मीही मानतो. म्हणून काढला नाही.

गावात पोहोचलो तर चुलतभाऊ टेकडीच्या पायथ्याशी तयार. एका काखेत कोंबडा, हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"काय काका, घोऱ्यावर आलं?" तो म्हणाला. "मी वर थांबतो. पन ऊन डोक्यावर आलं का नारल फोराला लागंल. देव काय गॅरेजसाठी थांबत नाय."

बाबा माझ्या मागे बसले. माझे खांदे त्यांनी दोन्ही हातांनी धरले. माझ्या आठवणीत बाबांनी मला धरल्याची ती बहुधा पहिलीच वेळ, आणि तीही पडू नये म्हणून. मी अंगठा दाबला. पहिला चढ सहज गेला. ओढ्याचं उरलेलं पाणी दोन्ही बाजूंनी उडालं आणि माझ्या तोंडातून पुन्हा तो आवाज निघाला. मी घाबरून मागे पाहिलं. बाबा झाडांकडे बघत होते.

निम्म्या वाटेवर मागून करकर ऐकू आली. मग आमच्या मागे झेंडूच्या पाकळ्या उडायला लागल्या, लग्नाच्या वरातीसारख्या. मग गाडी थांबली. तो मोठा हार चेनमध्ये गेला होता, चाकाच्या आसाभोवती चांगले दहा-बारा वेढे घेऊन बसला होता. फुलं संपली होती, सुतळी उरली होती. माझी भरवशाची गाडी देवाच्या हाराने बंद पाडली.

बाबा दगडावर बसले. त्यांनी कमरेचा कोयता माझ्याकडे दिला. मी चिखलात आडवा पडून सुतळी कापायला लागलो.

"उलटी फिरव," बाबा म्हणाले.

"फिरवतोय."

"ती नाय. पलीकरची."

वरून चुलतभावाची हाक आली. "काका! ऊन चढलं! फोरू काय?"

बाबा दगडावरूनच ओरडले, "हात लावशील तर बघ! तुजा बाप मना घाबरत होता!"

कोंबडाही ओरडला. खरं सांगतो, तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. डोली केली असती तर बाबा केव्हाच वर पोहोचले असते. माझ्या हौसेपायी त्यांचा मान जाणार होता, आणि त्यांच्या तोंडी मी घातलेलं ते वाक्य ग्रुपवर सूर्यासकट कायम राहणार होतं.

शेवटचा वेढा सुटला. चेन परत दातांवर बसवली, बटण दाबलं, इंजिन लागलं. मी चढायला गेलो तर बाबा आधीच पुढे बसले होते. हँडलवर हात.

"बाबा, मागे व्हा. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यानं चालवतात काय? अंगठ्यानं चालवतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू रोज बघायचास सोफ्यावर," बाबा म्हणाले. "मी मागून बघायचो."

आणि "हुर्र्र हॅक!" अशी आरोळी टेकडीला ऐकू जाईल एवढी देऊन ते निघून गेले. मला न घेता. वळणावर त्यांनी अंग आत झुकवलं, जन्मभर तेच करत आल्यासारखं. मी कोयता घेऊन मागे धावत सुटलो. चिखलाने माखलेला, हातात कोयता, तोंडाने "बाबा, सावकाश!" असं ओरडणारा माणूस वाटेतल्या बायकांनी पाहिला आणि त्या बाजूला झाल्या.

मी वर पोहोचलो तेव्हा नारळ फुटला होता. बाबांना तीन फटके लागले, असं चुलतभाऊ म्हणाला, पण त्याने कुरकुर केली नाही. त्याने माझ्या हातावर खोबरं ठेवलं. "दादूस, तू कुठं राहिलास? काका एकटंच आलं. जल्ला, घाबरून माजा कोंबरा सुटला!" कोंबडा खरंच सुटला होता. तो करवंदीच्या जाळीत गेला आणि त्या वर्षी वाघोबाने नारळावर भागवलं.

लोक पांगल्यावर बाबा गाडीला टेकून उभे होते. मी जवळ गेलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे बोलायला म्हणून कधी उभे राहिलो नव्हतो.

"बाबा, ते वाक्य. खांद्यांचं. ते तुम्ही म्हटलं नव्हतं."

"नाय."

"मग ग्रुपवर आलं तेव्हा बोलला का नाहीत?"

बाबांनी गाडीच्या सीटवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. "बोललो असतो तर डोली आली असती."

बायकोला मी दिवाळीच्या आदल्या दिवशी सांगितलं. ती करंज्या तळत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. तिने झाऱ्याने करंजी उलटली.

"मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "बाबा इतकं लांब वाक्य कधी बोललेत का?" मग जरा वेळाने, "आणि मी रडलेसुद्धा. गिझर कधी आणताय?"

गिझर आला. गाडी आता गावात चुलतभावाच्या पडवीत असते. किल्ली मात्र बाबांच्या बंडीच्या खिशात. रविवारी गावी गेलो, की ती मला मागावी लागते. पहिल्यांदा मी म्हणालो, जरा शेताकडे बघून येतो. बाबा हलले नाहीत. मग म्हणालो, गाडी बसून खराब होईल, फिरवून आणतो. तरी नाहीत.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

घरात बायको होती, बहीण आलेली होती, भाचे होते.

"मजा म्हणून," मी म्हणालो.

बाबांनी किल्ली काढली, पायांत चपला सरकवल्या. "मंग चल," म्हणाले. "पन जाताना मी चालवनार."