मयताची सीडी

आमच्या शेजारचा प्लासिड व्हिडिओ शूटिंगचा धंदा करायचा. लग्न, साखरपुडा, बाप्तिस्मा, जे येईल ते. पण वसईच्या आमच्या गावात त्याचं नाव होतं ते मयताच्या शूटिंगसाठी. एक घर सोडून एक मुलगा आखातात, आणि आईबाप काही साहेबाची रजा बघून मरत नाहीत. मुलाला निदान बघता तरी यावं म्हणून घरचे प्लासिडला बोलवायचे. मला हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. रडणाऱ्या माणसासमोर कॅमेरा धरवतो तरी कसा, असं मी त्याला तोंडावर विचारायचे.

“टीचर, तुमचं कोणी परदेशात नाय, म्हणून बोलता,” एवढंच तो म्हणायचा.

आधी तो व्हिडिओ कॅसेट द्यायचा. पुढे सीडी आल्या तेव्हा स्वारी खूश झाली, कारण सीडी टपालानंही जायची. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून तो सुट्या कोऱ्या सीडी घेऊन यायचा. कुठल्या कंपनीच्या, कसल्या, काही बघायचा नाही. त्यातलीच एक त्यानं मस्कतला असलेल्या फ्रान्सिसला पाठवली. त्यावर फ्रान्सिसच्या वडिलांचं मयत होतं.

फ्रान्सिसला ती लगेच बघण्याचा धीर झाला नाही. वर्षभरानं लावली, तर मशीन नुसतंच घरघरलं. सुट्टीवर आला तो सामान ठेवून थेट प्लासिडकडे. “दुसरी काढून दे,” म्हणाला. पण काढणार कशावरून? कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट प्लासिडनं पुढच्याच रविवारी एका लग्नाला वापरली होती. धंद्यात सगळेच तसं करायचे.

मग प्लासिडनं ओट्यावर बसून, माझ्यासमोरच, त्याला सगळं मयत तोंडी सांगितलं. कोट कुठला घातला होता, खांदा कोणी दिला, आई कुठे उभी होती. फ्रान्सिस खाली मान घालून ऐकत होता.

“डोळे नीट मिटले होते ना?” त्यानं शेवटी विचारलं.

“नीट मिटले होते,” प्लासिड म्हणाला. फ्रान्सिस गेल्यावर माझ्याकडे न बघता पुटपुटला, “मला आठवत नव्हतं, टीचर.”

तेव्हापासून कोरी सीडी घेणं हे प्लासिडचं व्रतच झालं. फुलपाड्याला जितेशच्या दुकानात जाऊन तो एकेक सीडी पालथी करून खालचा रंग बघायचा, उजेडासमोर धरायचा. आरपार ट्यूबलाइट दिसली, बारीक भोकं दिसली, की नको. दांड्यात ओवून ठेवलेली सुटी नको, डबीतलीच हवी. एकाच कंपनीच्या दोन नकोत, कारण बिघडल्या तर दोन्ही बिघडतील. “अंकल, सीडी घेताय की सून बघताय?” जितेश वैतागून म्हणायचा. घरी आल्यावर सीडी अगदी सावकाश भरायची, वर कागद चिकटवायचा नाही, बॉलपेननं लिहायचं नाही. एक गिऱ्हाइकाला, एक आपल्या कपाटात.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव फुलं आणि मेणबत्त्या घेऊन कबरींवर जायचं. प्लासिडही जायचा. पण चर्चमधली मिस्सा संपली की घरी येऊन कपाटातल्या सीडी एकेक करून लावून बघायचा. एखादं मयत मध्येच अडकलं, की लगेच नव्या सीडीवर घ्यायचा. त्याची बायको क्लेमेंटीन कावायची. “जिवंत माणसांना जेवण लागतं, तेवढं लक्षात ठेव,” म्हणायची. तिचं बोलणं तिखट, पण मला आवडायचं.

२००६ साली क्लेमेंटीन गेली. सकाळी अंगण झाडत होती, तिथेच पडली. एकुलता एक मुलगा ग्लेन दोहाला. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, सुट्टी मिळेना. फोनवर तो ओक्साबोक्शी रडत होता. “पप्पा, सगळं शूटिंग कर. मला मम्मीला बघायचंय.”

मी प्लासिडला म्हटलं, विरारहून दुसरा कोणी बोलव, आज तू फक्त तिचा नवरा आहेस. तो ऐकेना. दुसऱ्याचा भरवसा नाही, म्हणाला. “ग्लेनचा फ्रान्सिस होता कामा नये.”

आणि खरोखर तो पेटीच्या पुढे, उलट्या पावलांनी, कॅमेरा डोळ्याला लावून दफनभूमीपर्यंत चालला. तिथे शेजारच्या कबरीच्या कठड्यावर चढून उभा राहिला. डोळ्यांत टिपूस नाही. बायका कुजबुजायला लागल्या. मला तर इतका राग आला होता की घरी आल्यावर मी त्याच्याशी बोलले नाही.

त्यानं सीडी भरली, तीन वेगवेगळ्या मशीनवर लावून बघितली आणि दोहाला जाणाऱ्या एकाच्या हाती पाठवली. नंतर दर रविवारी ग्लेनचा फोन आला की याचा पहिला प्रश्न तोच, “सीडी चालते ना?” ग्लेन म्हणायचा, बघतो, अजून बघवत नाही. प्लासिडचं जेवण कमी झालं. सीडी चालत नाहीये आणि पोरगा आपल्याला सांगत नाहीये, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. कपाटातली दुसरी व्यवस्थित चालते हे मी दाखवून दिलं, तरी पटेना.

एका रविवारी मी त्याच्याकडे डबा द्यायला गेले होते. फोन वाजला. त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून फोन स्पीकरवर असायचा.

“पप्पा, बघितली. पूर्ण बघितली.”

“कुठे अडकली नाय ना?”

“नाय. एकदम क्लिअर आहे. मम्मी झोपल्यासारखी दिसते.”

प्लासिडचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी त्याला असा बघितला नव्हता, आणि मलाही बरं वाटलं.

“सगळे दिसले,” ग्लेन म्हणाला. “फादर, टीचर, मामा. एकेकानं कबरीत मूठभर माती टाकली. तू कधी टाकलीस, पप्पा? तू कुठेच दिसला नाहीस.”

“माझ्या हातात कॅमेरा होता ना.”

“हो, पण नंतर टाकलीस ना?”

प्लासिड माझ्याकडे बघायला लागला. मला सगळं स्वच्छ आठवत होतं. माणसांनी फावड्यांनी खड्डा भरला, वर फुलं ठेवली, तोपर्यंत तो कठड्यावरून खाली उतरलाच नव्हता.

“पप्पा?”

“राहून गेली रे,” प्लासिड म्हणाला. आणि क्लेमेंटीन गेल्यानंतर पहिल्यांदा तो रडला, पार दोहापर्यंत ऐकू जाईल असा.