भीमाआबांची घोडी चंदी खाईना

महिपतीचं डोकं आता खरंच फिरलं होतं. समोर घमेल्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, शेजारी लसूणघास, आणि ही बया तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभी! आज चौथा दिवस. पाण्याला तेवढं तोंड लावायची, बास.

"अगं खा की भवाने! का माझ्या नावाला बट्टा लावतीस?"

बारामतीत कालव्याच्या कडेला महिपतीचा तबेला होता. वरातीचे तीन घोडे त्याचे स्वतःचे, आणि दोन बागायतदारांनी हौसेनं घेऊन त्याच्याकडं सांभाळायला सोडलेले. वीस वर्षांत त्याच्या दावणीला एकही जनावर उपाशी मेलं नव्हतं. हे तो चहाच्या टपरीवर सांगायचा, न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही सांगायचा. आणि आता ही पाठीवर घट्टे पडलेली बुटकी घोडी त्याला खोटं पाडायला निघाली होती. डॉक्टर बघून गेले होते. आजार काही नाही, म्हणाले, पण अजून दोन दिवस असंच चाललं तर घोडी हातची जाईल.

तिला ठेवून गेले होते लोणी भापकरचे भीमाआबा. उभा जन्म मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडलेला माणूस. यंदा, शहाण्णव साली, त्यांनी कळप विकला. पोरगा कंपनीत लागला होता, त्यानं सिमेंटचं घर बांधून अंगणात फरशी घातली. फरशीवर घोडी बांधू देतोय कोण? "महिपतराव, लई गुणाची हाय. काय तरास न्हाय हिचा," म्हणत आबा दावं हातात देऊन मोकळे झाले.

तरास न्हाय म्हणे! दुसऱ्याच दिवशी महिपतीनं निरोप धाडला. आबा एस.टी.नं आले, लांबूनच घोडीकडं बघितलं आणि म्हणाले, "गूळ घाला." गूळ घातला, घोडीनं हुंगला नाही. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, तर म्हणाले, "तोंड आमच्या गावाकडं करून बांधा." बांधलं. गाव राहिलं लांब, मधे भिंत आली.

शेवटी महिपतीनं आपली एम-एटी गाडी काढली आणि थेट लोणी गाठली. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"आबा, आता नीट सांगा. ही खाती तरी कवा? सकाळी का सांजच्याला?"

"ते मला कसं ठावं?" आबा म्हणाले. "मी मेंढरामागं. घोडी बायकांकडं. मुक्काम हलवायचा तर भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं, सगळं तिच्यावर लादून बायकाच म्होरं जायच्या. मी कवा हात लावला असंल तर शप्पत."

महिपतीनं कपाळावर हात मारला. ज्याला घोडीतलं ओ की ठो कळत नाही, त्याच्या सल्ल्यानं आपण चार दिवस नाचलो!

"मग आधी सांगाया तोंड शिवलं हुतं का?"

"तुमी म्हणाला, काय करू. म्या सांगितलं," आबा जराही न ओशाळता म्हणाले. "घरात हिचं बी तेच. चार घास खाती अन् ताट सारती."

हिचं म्हणजे साखरबाईचं, आबांच्या बायकोचं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि माळ्यावरून एक गाठोडं आणि कोंबड्यांचा डालगा उतरवून आली. "चला," म्हणाली. वाटभर त्या डालग्यामुळं महिपतीला आरशात काही दिसेना.

तबेल्यात आल्यावर तिनं घोडीचे लाड केले नाहीत. गाठोडं सोडून सरळ पाठीवर घोंगडी टाकली, त्यावर मेंढरं कोंडायची जाळी, मग तवा, पातेली, कळशी, आणि सगळ्यात वर रिकामा डालगा. दोरीनं करकचून आवळलं. घोडीनं कान टवकारले. साखरबाई पुढं, घोडी मागं, अशा आवारात तीन फेऱ्या झाल्या. भांडी खडखडत होती, वरातीचे घोडे माना वर करून बघत होते. मग तिनं एकेक वस्तू उतरवली आणि घमेलं पुढं सरकवलं. घोडीनं तोंड घातलं ते तळ लागल्यावरच वर काढलं.

"वझं उतरल्याबिगर तिनं कधी खाल्लंच न्हाय," साखरबाई म्हणाली. "तिला वाटत आसंल, मुक्काम अजून आलाच न्हाय."

"म्हंजी मी रोज सकाळी हा संसार लादायचा अन् उतरायचा?" महिपती कडाडला. "मावशी, मला दुसरी कामं हायती का न्हाईत? घेऊन जा ती भांडी, मी पोती लादतो!"

"ऱ्हाऊ द्या हितंच. घरी गॅस हाय, सुनंची स्टीलची भांडी हायती. ह्या जुन्या भांड्यांना तितं जागा न्हाय." पदरानं घाम पुसत ती भिंतीला टेकून खाली बसली, घोडीच्या शेजारीच. जरा वेळानं म्हणाली, "भाऊ, भाकरी हाय का? लई भूक लागली बाई."

महिपतीच्या तोंडात आलेली पुढची शिवी तिथंच राहिली. त्यानं आपला डबा तिच्यापुढं ठेवला. दोन भाकऱ्या आणि पिठलं होतं. साखरबाईनं दोन्ही खाल्ल्या, डबा बोटानं पुसून घेतला.

"मावशी, जमंल तवा येत जा," वीस वर्षं घोड्यांवर खोगिरं कसणारा महिपती म्हणाला. "मला काय तो डालगा बांधाया येत न्हाय."