वारंगुळ्याचं मशीन

आमच्या बेलापुरात पाटाच्या कडेनं पत्र्याच्या घरांची एक रांग आहे. त्यातलं शेवटचं घर लंकाबाईचं. तिथून पुढं ऊसच ऊस. लंकाबाई आणि तिचा नवरा पाथर्डीच्या डोंगराकडून ऊस तोडायला आले. एका हंगामात नवरा तापानं गेला आणि बाई परत फिरलीच नाही. कोयता आढ्याला खोचून ती इथंच खुरपायला जाऊ लागली. तेव्हा पाठीशी बांधलेलं जे लेकरू होतं, तो वैजनाथ.

वैजनाथ आता पंचविशीच्या पुढं गेलाय. दूध संकलन केंद्रावर असतो. लोक कॅन घेऊन येतात, तो दूध ढवळतो, नमुना मशीनला लावतो आणि फॅट सांगतो. फॅट कमी लागली की लोक त्याच्यावरच उखडतात, जसं काही पाणी त्यानंच घातलं. तो ऐकून घेतो. उलटं बोलण्याची सवय लहानपणी लागली नाही तर पुढं लागत नाही. शाळेत त्याला ‘कोयत्याचा’ म्हणायचे. आता तोंडावर तसं कुणी म्हणत नाही. पण लग्नाच्या पंगतीत शेजारची जागा धरून “वैज्या, हिकडं ये” म्हणणारा साऱ्या गावात एकच होता. तो अमृत.

अमृत म्हणजे मच्छिंद्रतात्यांचा धाकटा मुलगा. घरची विहीर, बारमाही पाणी, दारात ट्रॅक्टर. दोघं एका बाकावर शिकले आणि दोघांचंही मन पुस्तकात रमलं नाही. संध्याकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की वैजनाथ पाटाच्या पुलावर यायचा. अमृत आधीच कठड्यावर बसलेला असायचा. दोघं मोबाईलवर गेम खेळायचे. मोबाईल चटका बसेल इतका तापायचा, मग चित्र अडखळायचं, आणि नेमक्या वेळी त्यांचा माणूस मरायचा. मोबाईल गार होईपर्यंत ते खालचं पाणी बघत बसायचे आणि कॉम्प्युटरच्या गोष्टी करायचे. त्यावर गवताची काडीसुद्धा वेगळी दिसते, असं अमृत सांगायचा.

पण एकट्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. तात्यांनी आधीच बजावलं होतं, “आसलं डबडं दारात आनलं तर पाटात फेकून देईन.” अमृतजवळ होती मामानं दिलेली एक कालवड. ती विकली तरी अर्धंच मशीन होणार. वैजनाथच्या साठवणीतून दुसरं अर्धं. ही चर्चा एकदा लंकाबाईच्या चुलीपुढं निघाली. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली,

“त्यात येवढं डोकं काय धरून बसलाय? एकाकडं येकच बैल आसला म्हंजी तो काय नांगर खांद्यावर घेतो का? वारंगुळा करा की.”

आता वारंगुळा जुन्या माणसांनाच ठाऊक. एक बैल याचा, एक त्याचा. दोन्ही एका जुवाला जुंपायचे, आळीपाळीनं दोघांचं रान करायचं. काम सरलं की ज्याचा बैल त्याच्या दावणीला. भांडण नाही, तंटा नाही. ट्रॅक्टर आले आणि शब्दही गेला.

अमृत हसून म्हणाला, “मावशी, कॉम्प्युटरला शिंगं नसत्यात.”

“मारकुटं तर तेबी आसंल,” लंकाबाई म्हणाली. “कामाला हात लावनार न्हाई तुमी तेच्यापायी.”

पण गोष्ट ठरली. दोघं एसटीनं नगरला गेले.

दुकानात पूजा नावाची बाई गिऱ्हाईक बघायची आणि मशीनही तीच जोडायची. तिनं आधी विचारलं, “पिक्चर बघायला, का गेमला?”

“गेमला,” दोघं एकदम म्हणाले.

“मग पैसे ग्राफिक्स कार्डात घालायचे. बाकी सगळं त्याला सांभाळण्यापुरतं.”

अमृतचं लक्ष वरच्या फळीवर होतं. तिथं काचेची एक पेटी, आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. “ताई, डबा त्यो घेऊ.”

“देवीचा मांडव घालायचाय का?” वैजनाथ म्हणाला. “साधा घे. दिव्याचे पैसे कार्डाला.”

“बघा ताई, इथंबी फॅटच बघतंय हे.”

पूजा हसली. वीज कशी असते म्हणून तिनं विचारलं. वैजनाथनं सांगितलं, येती-जाती, आणि कधी कधी अशी येती की बल्बच फुटतो. “मग पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका, तो गेला तर सगळ्यांना घेऊन जाईल,” ती म्हणाली. ते त्यांनी ऐकलं. एकेक वस्तू काउंटरवर येत गेली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय आणि साधा काळा डबा वैजनाथचा. कार्ड आणि मॉनिटर अमृतचा. इकडचा बैल, तिकडचा बैल.

प्रोसेसरपाशी पूजा थांबली. दोन खोकी तिनं शेजारी शेजारी ठेवली. “काम दोघांचं सारखंच. पण हा स्वस्तातला जो आहे, त्याला स्वतःचं चित्र नाही. कार्ड आहे तोवर मशीन चालेल, कार्ड काढलं की स्क्रीन काळी. हा दुसरा थोडा महाग. कार्ड नसलं तरी साधं चित्र तरी देतो.”

अमृत वैजनाथकडं बघून म्हणाला, “तू बोल. परोसेसर तुझ्या वाट्याचा.”

वैजनाथनं दोन्ही खोकी हातात घेतली. वजन सारखंच होतं.

“मशीन भावाभावांचं आहे का?” पूजानं विचारलं.

“तसंच समजा,” अमृत म्हणाला.

बहुतेक त्या शब्दानंच झालं. वैजनाथनं महागाचं खोकं परत सरकवलं. “कार्ड जातंय कुठं? स्वस्तातला द्या. आन् ह्यातले उरतील ते ह्याच्या कार्डात घाला. येक पायरी वरचं येईल का?”

“येईल.”

“मग तेच.”

अमृतनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. येताना दोघांनी खोकी मांडीवर घेतली होती. कंडक्टर म्हणाला खाली ठेवा, तर ठेवली नाहीत.

मशीन लंकाबाईच्या घरी बसलं, कारण तात्यांच्या दारात त्याला जागा नव्हती. त्या पत्र्याखालच्या खोलीचे मग दिवस पालटले. एरवी जी पोरं त्या घरावरून नुसती जायची, ती चपला काढून आत येऊ लागली. केंद्रावर फॅट कमी लागली तरी कुणी तरणा म्हणायचा, “जाऊ द्या हो, वैजूशेठ हायेत.” अमृत रोज यायचा. बंदुकीच्या गेममध्ये तो धाडसानं पुढं घुसायचा आणि पटकन मरायचा. वैजनाथ मागं राहून त्याला वाचवायचा.

एकट्या वेळी मात्र वैजनाथ दुसराच गेम लावायचा. त्यात लाकडं भरलेला ट्रक चालवायचा. परमुलखातला लांब रस्ता, दोन्ही बाजूंना काळी झाडी, काचेवर पाऊस. बाहेर वैशाखाचं ऊन पत्रा तापवत असायचं आणि आत तो पाऊस पडत राहायचा. लंकाबाईचे गुडघे गेले होते, ती दारापलीकडं फार जात नसे. ती भिंतीला टेकून तो रस्ता बघत बसायची.

“येवढी लाकडं कुठं नेतोस रं?”

“लांब जायाचंय.”

“मग वाटंत कुठं तरी च्या-बी घेत जा. नुसता हाणतोय मघाधरनं.” आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, “ह्या रस्त्यानं पाथर्डी लागती का?”

अमृत बाजेवर लोळत म्हणायचा, “लागती की मावशी. आली म्हंजी उठवतो.”

नवरा गेल्यापासून ती पाथर्डीकडं गेली नव्हती. तिकडं कुणी राहिलंही नव्हतं. तरी वळण आलं की ती मान पुढं काढून बघायची.

मग अमृतला चाकणच्या एका कंपनीत काम लागलं. सुरुवातीला सुट्टीला यायचा, आला की आधी पाटाकडं यायचा. पुढं तो आपल्या घरी येऊन परस्पर जाऊ लागला. फोनवर म्हणायचा, “अरे लई गडबड हुती.” मशीनपुढची दुसरी खुर्ची मोकळी राहू लागली. वैजनाथ ती पुसायचा तेवढी.

एका दुपारी अमृत आला. मोटरसायकल दारातच लावली. पाणी प्यायला, लंकाबाईच्या पाया पडला, आणि मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. वैजनाथला तो दिसला तेव्हाच कळलं. तरी तो “बस की” म्हणाला.

“रूमवर पोरांनी मशीन बनवायला घेतलंय,” अमृत म्हणाला. “कार्डाचंच आडलंय. म्हनलं आपलं पडून हाय.”

पडून नव्हतं. सकाळीच चाललं होतं.

“वारंगुळ्याचंच हुतं ना आपलं? ज्याचा बैल त्याला.”

“व्हय की.”

“मॉनिटर ऱ्हाऊ दे तुला. माझाच हाय, पन ऱ्हाऊ दे. मावशी बघती त्याच्यावर.” हे बोलताना अमृतचा चेहरा खरोखर मोकळा झाला. कुणाला काही देताना होतो तसा.

त्यानं डबा उघडला आणि कार्ड ओढलं. ते निघेना. तो जोर लावू लागला तसा वैजनाथनं त्याचा हात धरला. “थांब, मोडशील. खालचा खटका दाबावा लागतो.” त्यानंच खटका दाबला, त्यानंच कार्ड अलगद काढलं, त्यावरची धूळ फुंकली. आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढून त्यात ते गुंडाळलं. एक वाक्य बोलायचं होतं. पूजानं सांगितलेलं, दोघांनी ऐकलेलं. कार्ड काढलं की स्क्रीन काळी. ते बोललं असतं तर कदाचित अमृतनं कार्ड ठेवलंही असतं. पण मग अमृत इथं येतो तो त्या कार्डापायी, का आपल्यापायी, हे वैजनाथला आयुष्यभर स्वतःला विचारत बसावं लागलं असतं. आणि त्या कार्डात आपलेही चार पैसे आहेत, ही गोष्ट तर त्याच्या जिभेपर्यंतही आली नाही.

डबा झाकून अमृत म्हणाला, “येकदा चालू करून बघू का? चालतंय का न्हाई.”

“चालतंय. आता लाईट न्हाई.”

डोक्यावर पंखा फिरत होता. अमृतनं वर बघितलं. पंख्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग गाठोडं पाठीवरच्या बॅगेत घातलं. “बरं. येतो मावशी,” म्हणाला. मोटरसायकल उसातून वळेपर्यंत आवाज येत राहिला.

संध्याकाळी केंद्रावरून आल्यावर वैजनाथनं बटण दाबलं. डब्यातले पंखे फिरले, बारीक हिरवा दिवा लागला, आणि मॉनिटर तसाच काळा राहिला. लंकाबाई सवयीनं भिंतीला टेकली होती.

“रात झाली का रं तिथं?” ती म्हणाली.

वैजनाथनं तिला खरं सांगितलं. ती गुडघा चोळत म्हणाली, “आसू दे. गेला बैल, तर दुसरा बघावा. रान पडीक ठिवीत न्हाईत.”

“बघू.”

त्यानं पूजाला फोन केला. ती म्हणाली, एखादं जुनं, लहान कार्ड मिळेल, ट्रक चालण्यापुरतं चित्र येईल, या कधीही. तो “येतो” म्हणाला आणि गेला नाही. लंकाबाईनं दोनदा आठवण केली तेव्हा त्यानं सांगितलं की त्या जागेत अमृतचंच कार्ड बसतं, दुसरं बसत नाही. म्हातारीनं ते खरं मानलं की नाही, कोण जाणे. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आता ती संध्याकाळी दारात तोंड करून बसते. पाटाच्या रस्त्यानं उसाची एखादी ट्रॉली गेली तर मान पुढं काढते.

दिवाळीत अमृत आला होता. तात्यांना बरं नव्हतं म्हणून कॅन घेऊन तोच केंद्रावर आला. अंगात नवा शर्ट होता. वैजनाथनं दूध ढवळलं, नमुना लावला, फॅट सांगितली. चांगली होती. मागं रांग होती, तरी अमृत कॅनचं झाकण लावत रेंगाळला.

“मशीन काय म्हनतंय?” त्यानं विचारलं.

“चालू हाय,” वैजनाथ म्हणाला.

अमृतनं त्याच्याकडं बघितलं, तसंच, पंख्याकडं बघितलं होतं तसं. मग मागच्यानं आपला कॅन पुढं सरकवला, आणि वैजनाथ त्याचं दूध ढवळू लागला.