बाजूची नळी

भंडाऱ्याचा पोरगा फौजेत जातो तेव्हा त्याला वाटतं, आता आसाम पाहू, लडाख पाहू. मीही दोन्ही पाहिलं. पण माझ्या नोकरीतली सगळ्यात जड पोस्टिंग निघाली माझ्याच जिल्ह्यात, सानगडीला, माझ्या गावापासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी फौजेच्या मेडिकल शाखेत नाईक होतो, नर्सिंग असिस्टंट.

त्या भागातल्या जंगलात एका कंपनीचं ट्रेनिंग चालायचं. आदल्या पावसाळ्यात साप चावून दोन जवान गेले होते. म्हणून यंदा छोटं मेडिकल डिटॅचमेंट पाठवलं होतं. गावाबाहेरचं धानाचं रिकामं गोदाम आमचं हॉस्पिटल. कमांडर मेजर फडके, पुण्याचे डॉक्टर, कमी बोलणारे. त्यांना फक्त उपचार करायचे नव्हते, अभ्यासही करायचा होता. अँटीव्हेनम कधी द्यायचं आणि कधी नाही, हा त्यांचा प्रश्न.

साध्या माणसाला वाटेल, यात विचारायचं काय? साप चावला, इंजेक्शन द्या. पण प्रत्येक साप विष सोडतोच असं नाही. विष नसताना इंजेक्शन दिलं तर त्या औषधानंच माणूस धापा टाकायला लागतो. आणि औषध मोजकं. उगाच दिलेली बाटली उद्याच्या माणसाच्या तोंडची असते.

आमच्या भागात घोणसीला परड म्हणतात. तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. मेजरसाहेबांची रीत सोपी होती. काचेच्या नळीत पेशंटचं थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी आडवी करायची. रक्त दह्यासारखं धरलं तर विष नाही, औषध नाही. पाण्यासारखं वाहिलं तर औषध. नाही दिलं तरी सहा तासांनी पुन्हा तपासायचं, कारण विष कधी कधी सावकाश चढतं.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या, आणि परड बसते ती बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधल्या धुऱ्यावर, गवतात. जवानांपेक्षा गाववालेच जास्त यायला लागले. साहेब कोणाला परत पाठवत नसत.

माझा जोडीदार लान्स नाईक दौलत लांजेवार. खास भंडाऱ्याचा. त्याचा बाप पितळी भांड्यांना चकाकी द्यायचं काम करायचा, आणि दौलतही चिंच आणि राखेत हात घालूनच मोठा झालेला. वस्तू मळकी दिसली की त्याला चैन पडत नसे. त्याचे बूट पाहून सुभेदारसाहेब बाकीच्यांना शिव्या घालत. मी त्याला म्हणायचो, "दौलत, तुह्या हाती साप लागला तर त्यालेही पॉलिश करशीन." तो हसायचा आणि माझा मग उचलून घासायला न्यायचा.

डेपोतून नव्या नळ्या आल्या होत्या, पण पेशंट वाढले तशा त्या भराभर संपायला लागल्या. वापरलेल्या फेकायच्या, असं साहेबांचं म्हणणं. पण का फेकायच्या ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि चांगली काच फेकणं फौजी माणसाला पाप वाटतं. दौलतनं कोणाला न विचारता त्या साबणाच्या पावडरनं घासायला सुरुवात केली. बारीक ब्रश, गरम पाणी, मग स्वच्छ फडकं. इन्स्पेक्शनला कर्नलसाहेब आले तेव्हा त्यांनी एक नळी उजेडात धरली आणि दौलतच्या पाठीवर थाप मारली. आम्ही सगळे खूश. चकाकतं ते सोनं नसतं हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं, पण फौजेत ते कोणाला आठवत नाही.

त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटचं रक्त पाणी निघायला लागलं. आम्हाला वाटलं, यंदा परडीच फार. औषधाच्या बाटल्या एकामागून एक उघडत गेल्या.

मग एक म्हातारी आली. पायावर दोन बारीक खुणा, सूज नाही, दुखणं नाही. तिचं रक्तही वाहिलं. इंजेक्शन लावेपर्यंत ती मला म्हणाली, "कायले टोचून राहिला बापा? मले काई नाई झालं. चिमूटभर तंबाखू दे आन् जाऊ दे मले."

मेजरसाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग शर्टाची बाही वर करून त्यांनी हात माझ्यापुढे धरला. "हटवार, माझं घ्या. याच नळ्यांपैकी एकीत."

मी घेतलं. वेळ झाल्यावर नळी आडवी केली. रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं.

"मला साप चावलेला नाही," साहेब म्हणाले.

सील न फोडलेलं एकच पाकीट उरलं होतं. त्यातल्या नव्या नळीत त्यांचंच रक्त वेळेत घट्ट धरलं. काचेला लागलं की रक्त गोठतं, आणि साबणाचा पातळ थर राहिला की काच रक्ताला लागतच नाही, हे त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. दौलतच्या हातात फडकं होतं. त्यानं ते खाली ठेवलं.

"साहेब, मी घासल्या."

"चूक माझी आहे, लांजेवार. फेका म्हणालो, कारण सांगितलं नाही."

साहेब मनापासून बोलले, पण त्यानं दौलतचं समाधान झालं नाही. मागच्या दिवसांत किती बाटल्या वाया गेल्या, हे तो मनात मोजत होता. त्या रात्री तो जेवला नाही. मला म्हणाला, "दादा, माह्यापायी कोनी मेलं तं?" मी म्हणालो, "कोनी नाई मरत. झोप."

दुष्काळात तेरावा महिना, तशी झड लागली. वैनगंगा चढली. नागपूरहून निघालेला औषधांचा बॉक्स भंडाऱ्यापर्यंत आला आणि तिथंच अडकला, कारण कारध्याचा पूल पाण्याखाली गेला. आमच्याकडे राहिलं एका माणसाला जेमतेम पुरेल इतकं औषध.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. यमुनाबाई नावाच्या रोवणीच्या बाईला धुऱ्यावर परड चावली, रस्ता नाही, स्ट्रेचर पाठवा. दौलत आणि दोन जवान गेले. बांधीत बूट रुतून बसतात म्हणून तिघांनीही ते काढून गळ्यात अडकवले. चिखलात सगळा गाव तसाच चालतो. बाईला उचलताना दौलतचा पाय त्याच गवतात पडला. तीच परड असेल किंवा तिची जोडीदारीण. त्यानं स्ट्रेचर खाली ठेवलं नाही. गोदामात येऊन बाईला खाटेवर ठेवलं आणि मग मला घोटा दाखवला.

"काहून नाई सांगितलं?" मी ओरडलो.

"सांगून काय, तिले चिखलात ठेवलं असतं का?"

दोन नव्या नळ्या. दोघांचं रक्त. वीस मिनिटं मी घड्याळ धरून बसलो. वेळ झाली. यमुनाबाईची नळी वाहिली. दौलतचं रक्त धरलं.

साहेबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रीत त्यांनीच घातली होती. सगळं औषध बाईला गेलं. दौलतनंच बाटली धरली आणि तिला म्हणाला, "मावशी, भेऊ नका." तो खरंच आनंदात होता. वाया गेलेल्या बाटल्यांमधली एक आज फेडली, असं त्याला वाटलं असावं.

दुपारपर्यंत त्याचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दुसऱ्या तपासणीची वेळ झाली तेव्हा मी नवी नळी काढली. साहेबांनी पुन्हा स्वतःची बाही वर केली आणि त्याच पाकिटातल्या आणखी एका नळीत आपलं रक्त घ्यायला लावलं. दोन्ही नळ्या दौलतच्या खाटेशेजारी लाकडी स्टँडवर उभ्या केल्या.

मी आडव्या केल्या तेव्हा तो बघत होता. एक वाहिली.

"दादा, नळी नवी होती ना?"

"नवी होती."

"मी घासलेली तं नाई? एखादी मिसळली असन."

तो माणूस स्वतःच्या चुकीची आशा धरून होता. त्याच्या हातची एखादी साबणाची नळी निघाली असती तर तो जगणार होता. मी बाजूची नळी उचलून त्याच्यापुढे धरली. साहेबांचं रक्त घट्ट बसलेलं होतं.

त्यानं ती नीट पाहिली. "साहेबाचं गोठलं," तो म्हणाला. "मंग नळी बरोबर आहे."

मी रेडिओवर गेलो.

"कंट्रोल, बॉक्स कहाँ है? ओव्हर."

"बॉक्स भंडारा में. कारधा पूल पानी के नीचे. नाव नहीं छोड़ रहे. ओव्हर."

"हेलिकॉप्टर?"

"बादल नीचे हैं. निगेटिव्ह. ओव्हर."

तीन वेळा मागितलं, तीन वेळा तेच उत्तर. साहेबांनी त्याला आमचं रक्त चढवलं, ज्यांचं जुळलं त्या सगळ्यांचं. विषापुढे तेही पातळ होत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं, मग त्याला ऐकू येईना. दुपारचं जेवण वाढायच्या आधी दौलत गेला. त्याच संध्याकाळी पाणी उतरलं, आणि बॉक्स चिखलानं माखलेल्या ट्रकमधून आला. तो उतरवून घ्यायला मी गेलो नाही.

यमुनाबाई चालत घरी गेली.

दौलतचं सामान घेऊन मी भंडाऱ्याला गेलो. त्याचा बाप दुकानामागच्या पडवीत पाण्याचा पितळी गुंड घासत बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"काम नीट करे ना माहा पोरगा?"

"त्याच्याइतकं नीट कोनीच नाई करत, काका."

म्हातारा मान हलवून पुन्हा गुंडाकडे वळला. त्याचे हात थांबले नाहीत.

साहेबांचा अभ्यास पुढे छापून आला. त्यात एक वाक्य होतं की नळी नवी, कोरडी आणि साबण न लागलेली असावी, आणि दरवेळी शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची नळी ठेवावी. नाव कोणाचंच नव्हतं. अभ्यासात नावं नसतात, हे मला मान्य आहे. तरी तेव्हा राग आला होता, आणि थोडा अजूनही आहे.

ऐंशीच्या दशकात मी पेन्शनीत निघालो आणि जिल्ह्यातल्या दवाखान्यांत ही तपासणी शिकवत फिरलो. रोवणीच्या दिवसांत लोक साप चावलेलं माणूस खाटेवर घालून आणायचे. मी नवी नळी काढायचो, पेशंटचं रक्त घ्यायचो, मग बाही वर करून कंपाउंडरपुढे माझा हात धरायचो. नातेवाईक घाबरून विचारायचे, साप याले चावला, तुमचं रक्त कायले? ही दुसरी नळी कोनाची?

मी सांगायचो, दौलतची.