मामा इम्ता

आमगावच्या शालिकराम मेश्रामांचा जन्म रेल्वेच्या गँगमध्ये गेला. निवृत्तीनंतर अंगणात दोडक्याचे वेल चढवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. लेक चंदा मस्कतला नर्स होती, जावई स्वप्निल तिकडेच गाडी चालवायचा. दोघांच्या ड्यूट्या अशा की त्यांची रिंकू शेजारच्या इजिप्तच्या बाईकडेच वाढली. मग चंदाला ताप आला, डोक्यात गेला आणि ती गेलीच. स्वप्निलने चार वर्षांची पोर आणून आजा-आजीच्या पदरात टाकली आणि तो नोकरीवर परत गेला.

पोरगी अरबीशिवाय दुसरं काही बोलत नव्हती.

दिवे लागायच्या वेळी ती फाटकाशी उभी राही आणि विचारी, "मामा इम्ता?"

आजीला, पार्वताबाईंना, वाटलं, पोरीला मामा पाहिजे. त्यांनी आपल्या लेकाला, प्रफुल्लला, पुढे केलं. "हा पाय तुहा मामा."

रिंकूने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ काढून जी रडायला लागली ती थांबेचना.

"माह्यावर काऊन चिडून राहिली ही?" प्रफुल्ल म्हणाला.

शालिकराम दुसऱ्या दिवशी गाडीने गोंदियाला गेले. तिथे मुनीर मौलवी मुलांना अरबी शिकवायचे. "दादा, शुरू से सीखना पड़ेगा," ते म्हणाले. शालिकराम दुखरे गुडघे मुडपून पोरांच्या ओळीत बसले. नावाला इस्म, क्रियेला फेल, बाकी उरलेलं हर्फ. या भाषेत 'आहे' हा शब्दच लागत नाही म्हणे. 'अल-बैतु कबीर', घर मोठं, झालं वाक्य. घरी येऊन त्यांनी रिंकूला "तआल", ये, म्हणून हाक मारली. ती जागची हलली नाही.

"लड़के को तआल," मौलवी हसले. "लड़की को तआली बोलो."

त्या दिवशी "तआली" म्हणताच पोरगी येऊन त्यांच्या मांडीला टेकून बसली. पार्वताबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

पुढच्या धड्यात प्रश्नाचे शब्द आले. 'मता' म्हणजे कधी. शालिकराम दचकले. "आन् इम्ता?"

"वही है. मिसरवाले, यानी इजिप्तवाले, इम्ता बोलते हैं."

"मंग मामा?"

"माँ को कहते हैं, दादा."

आई कधी? एवढंच विचारत होती पोर. तिला उत्तर काय द्यायचं, हे विचारायची हिंमत गोळा करायला त्यांना कितीतरी फेऱ्या लागल्या. मौलवींनी फळ्यावर लिहिलं. 'सताती', ती येईल. त्याच्याखाली, 'लन तातिया', ती कधीच येणार नाही. "ये किताबी अरबी है, कार्टूनवाली. कार्टून देखती होगी तो समझ जाएगी," ते हळूच म्हणाले.

पहिलं खोटं होतं. दुसरं गाडीत घोकून घोकून पाठ झालं. पण फाटकाशी पोरगी तोंडाकडे पाहू लागली की "तआली," एवढंच म्हणून ते तिला उचलून आत न्यायचे.

"सांगून टाका ना एकदाचं," पार्वताबाई म्हणायच्या.

"तू सांग."

"मले कुठं येते तुमची अरबी?"

"आपल्या बोलीत तरी सांगशील का?"

त्या उठून चुलीकडे वळल्या.

सांगू-सांगू करत भातं कापून झाली. रिंकू शेजारच्या पोरींत खेळू लागली, कोंबड्यांना गावच्या बोलीत शिव्या घालू लागली, फाटकाशी उभं राहणं कधी सुटलं ते घरात कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ती समजली होती की थकली होती? एका संध्याकाळी शालिकरामांनी मन घट्ट केलं. तिला जवळ घेऊन म्हणाले, "रिंकू, मामा इम्ता?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि खिदळत सुटली. "आजा, काय बोलून राहिला गा तू? मामा तं दुकानात गेला!"

पोरगी त्यांच्या हातातून निसटून शेजारच्या अंगणात पळाली.