आवतन दिलेला बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे मळतात. गरम पाण्यानं खांदा शेकायचा, तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." घरच्या पाहुण्याशी बोलावं तशा अदबीनं वडील हे दर वर्षी म्हणतात. त्या वर्षी ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

सोनपेठच्या रस्त्याला, आमच्या बांधाला लागून खडी क्रशर आलंय. दिवसभर त्याची भुकटी आमच्या कडवळावर बसते. कडवळ म्हणजे जनावरांसाठी दाट पेरलेली हिरवी ज्वारी, पण ती हिरवी राहतच नाही. पानावर बोट ओढलं की रेघ उठते. भुकटीखाली पानाला ऊन लागत नाही, ताटं किरकोळ राहतात, आणि जे वाढतं ते दाताखाली करकरतं. बैल तोंड लावायचे अन् मान झटकून मागं सरायचे. आई पेंढ्या पाण्यातून काढून द्यायची. रोज किती काढणार? दोघांच्याही बरगड्या दिसायला लागल्या. गावात बोललो तर उत्तर मिळालं, "रस्ता व्हायलाय, धूळ तर उडणारच की." उडणारच की! तुमच्या ताटात उडू द्या मग एकदा.

पोळ्याला बैल मारुतीला फिरवून दारोदार नेतात. बाया ओवाळतात, पुरणपोळी भरवतात. कुणाला नाही म्हणायची रीत नाही. आमचा थोरला बैल पहिल्याच दारापासून हपापल्यासारखा खात सुटला. क्रशरचा मालक गावातलाच. नवा फेटा बांधून तो स्वतः ताट घेऊन दारात उभा होता. वडिलांनी कासरा ओढला.

"बापू, खाऊ द्या की," तो म्हणाला. "सणाचा दिवस हाय. वर्षभर राबतंय बिचारं."

बिचारं म्हणे! वडील भिडेला बळी पडले. बैलानं ताट चाटून पुसून साफ केलं.

दिवेलागणीच्या आधीच बैल बसला. पोट गच्च झालं होतं, रवंथ बंद. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी घातली, सोडा पाजला. म्हणाले, वर्षभर बिनकसाच्या वैरणीवर काढलेल्या पोटात एकदम एवढं गोड गेलं की ते आंबतं. उजाडायच्या आत बैल गेला.

गाव म्हणालं नजर लागली. मालक भेटायला आला आणि हळहळला, "लय गुणाचा बैल होता. पोळी जास्त झाली."

"पोळी एका दिवसाची होती," मी म्हणालो. "वर्षभर भुकटी कुणी चारली?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वडिलांना नमस्कार करून गाडीत बसला. मला अजून वाटतं, ती गाडी अडवायला पाहिजे होती.

पुढच्या पोळ्याला दावणीला एकच बैल होता. क्रशर चालूच होतं. वडिलांनी पाणी तापवलं, खांदा शेकला, तूप-हळद चोळली. हळदीबरोबर करडा गाळ तळहाताला आला, तो त्यांनी धोतराला पुसला. मग बैलाच्या कानाशी तोंड नेलं आणि तसेच थांबले.

"म्हणा की," आई म्हणाली.

"काय म्हणू?" वडील म्हणाले. "जेवायला ये म्हणू? काय वाढू त्याला?"